खोटं मागून घ्यावं लागतं

माझी मावशी सोळा-सतरा वर्षांच्या पोरापोरींसाठी प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिते. सुट्टीतल्या प्रेमाच्या. दीडशे पानांच्या आतबाहेर असतात आणि बरोब्बर मोठी सुट्टी लागायच्या आठवड्यात दुकानात येतात. आत्तापर्यंत अकरा आल्यात. त्यांच्यावर तिचं नाव नसतं, दुसरंच एक घेतलेलं नाव असतं, कारण दिवसभर ती तरणतलावाच्या खिडकीत बसून याच पोरापोरींना कपाटांच्या किल्ल्या देते. किल्लीवाली बाई आपल्याकडे बघून लिहिते हे कळलं तर उद्यापासून सगळे तिच्यासमोर शहाण्यासारखे वागतील, असं तिचं म्हणणं. "आणि शहाणी माणसं काय कामाची गं? त्यांची एक ओळसुद्धा होत नाही."

खिडकी बुटकी आहे. त्यामुळे मावशीला आधी चेहरे दिसतच नाहीत, हात दिसतात. कुणाची नखं कुरतडलेली, कुणाच्या तळव्यावर पेनाने लिहिलेलं उत्तर, कुणाचा हात किल्ली घेताना शेजारच्या हाताला उगाच लागतो आणि मग दोन्ही हात एकदम मागे जातात. मावशीला तेवढं बास होतं. मुदत संपलेले पुठ्ठ्याचे पास ती फेकत नाही, त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आणि घरी बुटांच्या खोक्यात टाकते. एका पासवर एकच गोष्ट. "पाण्यात उतरायच्या आधी तीनदा मागे बघते." "हसताना तोंडावर हात, दात पडलाय." "भावाला ओरडते आणि लगेच त्याचे केस पुसते."

पात्र उभं करायला तिला चार पास लागतात. चाल, बोली, भीती आणि खोटं. चाल एकाची, बोली दुसऱ्याची, भीती तिसऱ्याची, म्हणजे कुणीच स्वतःला ओळखत नाही. या तीन गोष्टी कुठूनही उचलाव्यात, विचारायची गरज नाही, रस्त्यावर पडलेल्या असतात. चौथी मात्र उचलायची नाही. माणूस कशाबद्दल खोटं बोलतो ही त्याची सगळ्यात खासगी वस्तू, ती मागून घ्यावी लागते. मावशी खरंच मागते. कोरा पास पुढे करते आणि ज्याचं असेल त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचं. काकांनी दिलंय, आईने दिलंय, तलावावरच्या झाडूवाल्या आजींनी तर तीन दिलीत आणि चौथं द्यायला तयार आहेत. दिलं नाही तर मावशी ते खोटं विसरून जाते. म्हणजे विसरायचा प्रयत्न करते.

हे सगळं एवढं सविस्तर सांगतेय कारण जे झालं ते या चौथ्या पासावरूनच झालं.

तर या वर्षीच्या पुस्तकातली मुलगी उभीच राहत नव्हती. चाल मस्त होती, बोली फटकळ होती, भीती होती (खोल पाण्याची नाही, उथळ पाण्याची, कारण तिथे सगळे बघतात). पण खोटं सापडत नव्हतं. खोट्याशिवाय मावशीची मुलगी म्हणजे हँगरला लावलेला फ्रॉक. मी तिचं हस्तलिखित टाइप करते, तिचं अक्षर तिला आणि मला सोडून कुणालाही लागत नाही. मला पानापानाला कळत होतं की ही मुलगी बोलतेय पण हिच्या पोटात काहीच नाही.

काकांनाही कळलं होतं. काका चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. घरी आले की मावशी त्यांना स्वयंपाकघरात उभं करून नायिकेचे संवाद वाचायला लावते. चोपन्न वर्षांचा माणूस, मिशा, कपाळावर चष्मा आणि म्हणतोय, "तू काल आला नाहीस, मी वाट नव्हते बघत, मी नुसती बसले होते." मावशीची कसोटी सोपी आहे. काका हसले तर ओळ जाते. काका लाजले तर राहते. त्या आठवड्यात काका हसतही नव्हते आणि लाजतही नव्हते. वाचून झालं की कागद टेबलावर ठेवून म्हणायचे, "बरं आहे." मावशी म्हणाली, "बरं आहे म्हणजे मेलंय."

तारीख जवळ येत होती आणि तारखेचं मावशीला फार. तिच्या मते सुट्टीतलं प्रेम म्हणजे तारीख ठरलेलं प्रेम. हे कधी संपणार हे वाचणाऱ्याला पहिल्या पाच पानांत कळलं पाहिजे, मग कुणी नुसतं एक दिवस उशिरा आलं तरी जीव वरखाली होतो. फ्रिजच्या दारावर तिचं हाताने आखलेलं कॅलेंडर असतं, खऱ्या दिवसांचं नाही, गोष्टीतल्या दिवसांचं. आमच्याकडे कधीकधी फ्रिजवर मे असतो आणि बाहेर डिसेंबर.

एका संध्याकाळी त्या कॅलेंडरसमोर ती उभी होती आणि मला तिची इतकी दया आली ना. पाठमोरी होती. खांदे पडलेले. मी एकदम बोलून गेले, "मावशी, समज ती मुलगी स्वतःलाच मेसेज पाठवते."

ती वळली. "म्हणजे?"

"म्हणजे एक मुलगा तिला आवडतो, तो ढुंकून बघत नाही. मग ती घरातल्या जुन्या फोनवरून स्वतःच्या फोनवर त्याच्या नावाने मेसेज पाठवते. आणि वर्गात सगळ्यांना दाखवते. आणि सगळे जळतात."

मावशीचा चेहराच बदलला. खुर्ची ओढून बसली. "काय मेसेज? काय लिहिते?"

मी सांगत सुटले. "'टोपी उद्या पिवळी घाल, लांबून ओळखता येते.' आणि 'आज तू बुडी मारलीस तेव्हा मी बावीसपर्यंत मोजलं.'"

"बावीस," मावशी हळूच म्हणाली. मग तिने तो प्रश्न विचारला. "कुणाचं आहे हे?"

आणि मी म्हटलं, "माझं."

का म्हटलं? आजही कुणी विचारलं तर मला धड सांगता येत नाही. तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला होता आणि मला तो घालवायचा नव्हता. मावशीने माझं डोकं छातीशी धरलं, "अगं वेडे, एवढं पोटात ठेवून होतीस," म्हणाली. पास पुढे केला नाही. घरचीच पोर, तिच्याकडून काय लिहून घ्यायचं, असं तिला वाटलं असणार. त्या रात्रीपासून ती सुटलीच, नऊ दिवसांत पुस्तक पूर्ण. काका लाजून लाजून बेजार.

ते खोटं माझं नव्हतंच. माझ्या मैत्रिणीचं होतं. तिला आम्ही खार म्हणतो, काहीही खाताना दोन्ही हातांत धरून भराभरा कुरतडते म्हणून. गेल्या सुट्टीत तलावावरचा जीवरक्षक, ज्याला सगळे शिट्टी म्हणतात, तो तिला रोज मेसेज पाठवतो असं आख्ख्या वर्गाला माहीत होतं. पिवळ्या टोपीचा मेसेज तर वर्गात पाठ होता, पोरं तिला जिन्यात ओरडून म्हणून दाखवायची. आणि मग एक दिवस कॉलेजच्या मागच्या जिन्यावर बसून तिने मला सांगितलं की शिट्टीला तिचं नावसुद्धा माहीत नाही. फोन तिच्या आजीचा होता. रडून तिचा शर्ट पुढून ओला झाला होता. मी शपथ घेतली होती. आईची.

म्हणजे पुस्तक आलं असतं तर काय झालं असतं बघा. वर्गातल्या प्रत्येकीने मावशीची पुस्तकं वाचलेली, हे कोण लिहितं ते खारशिवाय कुणाला माहीत नसलं तरी. पिवळी टोपी वाचली की सगळ्यांना एका मिनिटात कळणार की मेसेज खोटे होते, आणि खारला एका मिनिटात कळणार की सांगितलं कुणी. मी स्वतःला सांगत होते की मावशी बदलेल, तीन माणसांत कालवून टाकेल, नेहमी टाकते. पण मावशीने काही कालवलं नाही. भाचीने विश्वासाने दिलेलं खोटं जसंच्या तसं ठेवायचं, ही तिची माया. टाइप करताना मी टोपी लाल केली होती. मावशीने लाल खोडून परत पिवळी केली आणि समासात लिहिलं, "लाजू नकोस."

मी गप्प बसले. एकदा गप्प बसलं की पुढच्या वेळी बोलायला दुप्पट जोर लागतो. माझ्यात तो नव्हता.

पुस्तक छापायला जायच्या दिवशी साडेबाराला मी वर्गात होते आणि मावशीचा फोन आला. मी बाहेर येऊन उचलला.

"अगं, कच्ची प्रत आली सकाळी! संपादकबाई म्हणाल्या, चुका काय असतील त्या पाचच्या आत कळवा, पाचला छापायला जातंय."

"बरं," मी म्हटलं.

"आणि पहिली वाचक म्हणून तुला या वेळी देत नाहीये हं. तुझीच गोष्ट, तू काय वाचणार डोंबल. खार तास बुडवून आली होती पोहायला, तिच्या हातात दिली. वरच्या पायऱ्यांवर बसलीय वाचत. खूश झाली पोर."

दरवर्षी पहिली वाचक मी असते. या वर्षी मी "माझं" म्हटलं म्हणून प्रत खारच्या हातात गेली. दुसरं कुणीच नव्हतं याला कारणीभूत.

खारचा फोन लागेना, तलावावर फोन कपाटात ठेवावा लागतो. मी दप्तर वर्गातच टाकून सायकल काढली. सिग्नल, ट्रक, एक म्हातारे गृहस्थ "ए मुली, मरायचंय का" म्हणून ओरडले, काही आठवत नाही नीट. डोक्यात एकच हिशोब. पिवळी टोपी एकसष्टाव्या पानावर आहे. खार भरभर वाचते. साठ पानांना तिला किती वेळ?

तलावाच्या वरच्या पायऱ्या सिमेंटच्या आहेत, दुपारी तापतात. खार सगळ्यात वरच्या पायरीवर टॉवेल टाकून बसली होती, केस ओले, पानं दोन्ही हातांत धरलेली. मी धापा टाकत खाली उभी. तिने मान वर केली नाही. एक पान उलटलं. मग तेच पान परत मागे केलं.

मला कळलं.

"खार," मी म्हटलं.

"बावीस," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "मी बावीस का लिहिलं होतं माहितीये? मला बावीसपर्यंतच श्वास धरता येतो. हे मी तुलाच सांगितलं होतं."

"मी सांगते तुला, ऐक तरी..."

"मावशींना माहितीये माझं आहे ते?"

"नाही. मी तिला... मी माझं म्हणून सांगितलं."

तेव्हा तिने मान वर केली. "तुझं?"

"हो."

"म्हणजे आजीचा फोन पण तुझा. आणि जिन्यावर रडले ते पण तूच." ती हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "अगं, निदान चुगली केली असतीस तरी मी त्यात असते की. तू तर मला काढूनच टाकलंस."

मी वर चढायला लागले तर म्हणाली, "तिथेच थांब. जवळ येऊ नकोस." खाली शिट्टी वाजली, कुणीतरी काठावरून पळत होतं. शिट्टीवाला तोच होता, अजूनही. खारने तिकडे बघितलंसुद्धा नाही. पानं नीट केली, कोपरे जुळवले, उठली आणि माझ्या बाजूने खाली उतरून सरळ किल्ल्यांच्या खिडकीकडे गेली. मी मागे मागे.

मावशी आत किल्ल्यांचे रबरी पट्टे क्रमाने लावत होती. "वाचलंस? एवढ्यात? रडलीस की काय गं, डोळे बघ," असं आनंदाने म्हणाली आणि मग माझ्याकडे तिचं लक्ष गेलं.

खार म्हणाली, "मावशी, हे माझं आहे."

बस. एवढंच. मावशीने माझ्याकडे बघितलं आणि मी मान खाली घातली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पट्टे खाली ठेवले. बाजूचं दार उघडून खारला आत घेतलं, स्वतःची खुर्ची दिली, पाण्याची बाटली दिली. मला कुणी बस म्हटलं नाही.

"कुठपर्यंत वाचलंस?" तिने विचारलं.

"एकसष्ट."

"पुढे वाचू नकोस. पुढे अजून आहे." मग स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "मी लिहून घेतलं नाही. अकरा पुस्तकांत एकदाही चुकले नाही मी, आणि घरच्या कार्टीकडून लिहून घेतलं नाही. हातात पास दिला असता तर हिचा हात चालला नसता." हे ती मला म्हणत नव्हती, माझ्याबद्दल म्हणत होती, आणि ते जास्त लागलं.

तिने संपादकबाईंना फोन लावला. बाईंचा आवाज मोठा आहे, सगळं ऐकू येत होतं.

"पुस्तक थांबवा."

"काय? झोपेत आहात का? पाचला मशीनवर चढतंय!"

"त्या मुलीचं खोटं ज्याचं आहे त्याने दिलेलं नाही."

"अहो, कुणाला कळतंय? एक पोरगी चार दिवस रडेल आणि विसरेल!"

खार बाजूलाच बसली होती. मावशीने तिच्याकडे बघतच उत्तर दिलं. "ती माझ्या खुर्चीत बसलीय. तुम्ही तिला सांगता का, विसर म्हणून?"

बाई म्हणाल्या, पाचपर्यंत बदललेली पानं आली तर ठीक, नाहीतर थेट पुढची सुट्टी. आणि पुढच्या सुट्टीच्या यादीत दुसऱ्या लेखकांची नावं लागलीत, त्यामुळे खात्री नाही. मावशीने "चालेल" म्हटलं आणि फोन ठेवला. चालेल कसलं! वर्षभर त्या एकाच आठवड्यासाठी जगते ती.

"मी करते," मी म्हटलं. "मी आत्ता बदलते सगळं, टोपी काढते, बावीस काढते, दुसरं काहीतरी घालते..."

"तू काही करू नकोस. तू पुष्कळ केलंयस." घड्याळात पावणेदोन. "टोपी काढून काय होणार? खोटं काढायचंय. तेवीस जागी आहे. ते काढलं की उरतो फ्रॉक."

आणि तेवढ्यात दोनची बॅच आली. चाळीस पोरं, खांद्यावर टॉवेल, खिडकीवर थापा, "किल्ली, किल्ली, मावशी किल्ली!" मावशी उठली तर खारने खुर्ची सोडली नाही. "मी देते," ती म्हणाली. मावशीला म्हणाली, मला नाही. "तुम्ही काय करायचं ते करा. माझं त्यात राहता कामा नये, एवढं बघा." आणि पहिल्या हातात तिने पंधरा नंबरचा पट्टा ठेवला.

मावशीने मला मनगटाला धरून मागच्या खोलीत नेलं. तिथे पंप आहे, सारखा घुमतो, क्लोरीनचे निळे डबे आहेत, आणि तिचा जुना लॅपटॉप एका डब्यावर. तिने मला त्याच्यासमोर बसवलं. मग खिशातून कोरा पास काढून कीबोर्डवर ठेवला आणि पेन.

"खोटं दे," म्हणाली. "तुझं. खरंच तुझं."

"माझं असं काही नाही."

"परत?"

पंप घुमत होता. बाहेर खार म्हणत होती, "रांगेत या रे, ढकलू नका." मी पेन उचललं आणि हात चालेना. मावशी म्हणाली होती तसंच. मग मी बोलायलाच लागले, रडत रडत, नाक पुसत. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी सगळ्यांना सांगितलं होतं की माझं एक प्रेम मोडलंय, ते आतेबहिणीचं होतं. एका मुलीला सांगितलं की मी एकदा घर सोडून पळाले होते, ती शेजारची ताई होती. "मावशी, माझं कधी काही होतच नाही. कुणी मला काही लिहीत नाही आणि मी कुणाला लिहीत नाही. सगळ्यांच्या गोष्टी येतात माझ्याकडे आणि मग मी त्या माझ्या म्हणून सांगते. सांगताना मला खरंच वाटतं की माझ्या आहेत."

मावशीने पासाकडे बोट दाखवलं फक्त. मी लिहिलं. "मी दुसऱ्यांच्या गोष्टी माझ्या म्हणून सांगते." अक्षर इतकं वाईट आलं की तिचंच वाटलं.

"घेऊ?" तिने विचारलं.

"घे."

पुढचे तीन तास मला तुटक तुटक आठवतात. ती उभी राहून सांगत होती, मी टाइप करत होते. नायिकेला आता कुणी मेसेज पाठवत नव्हतं, तीही स्वतःला पाठवत नव्हती. ती मैत्रिणीच्या घरी घडलेलं सगळं त्या मुलाला आपलं म्हणून सांगत होती, आणि तो मुलगा त्या गोष्टींच्या प्रेमात पडत होता. प्रत्येक ठिकाणी नवीन ओळ, मागच्या ओळीला आणि पुढच्या ओळीला बसणारी. मी एकदा घाईत जुना परिच्छेद दोनदा चिकटवला तर मावशीने माझ्या डोक्यात टपली मारली. त्या तीन तासांत तेवढाच तिचा हात मला लागला.

साडेतीनला तिने काकांना फोन करून स्पीकर चालू केला. "वाचा. मोबाइलवर पाठवलंय."

"अगं, समोर गिऱ्हाईक बसलंय, डोळ्यांवर फ्रेम चढवलीय त्याच्या."

"असू दे. वाचा."

काकांनी घसा साफ केला. दुकानातला पंखा ऐकू येत होता. "'मी तुला जे सांगितलं ना... ते घर माझं नाही. तो भाऊ माझा नाही. ती रात्रभर जागली, मी नाही. मी...'" काका थांबले. मग गिऱ्हाइकाचा आवाज आला, "पुढे काय?"

मावशीने फोन बंद केला. "राहू दे हे," म्हणाली.

पावणेपाचला एकच पान उरलं होतं, शेवटचं. त्यात मैत्रिणीला सगळं कळून चुकलंय, सुट्टीचा शेवटचा दिवस आहे, आणि टॉवेल उचलून फाटकाकडे निघालेली मैत्रीण परत येऊन नायिकेच्या शेजारी बसते. मावशी सांगत होती आणि मी टाइप करत होते. मैत्रीण म्हणते, जाऊ दे. नायिका रडते. दोघी पाण्यात पाय सोडतात. खरं सांगते, ते टाइप करताना मला बरं वाटायला लागलं होतं.

दारात खार उभी होती. दोनची आणि साडेतीनची, दोन्ही बॅचेस तिने काढल्या होत्या, हातांना रबराचा काळा रंग लागला होता. किती वेळ ऐकत होती कोण जाणे. मावशीने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "बघ, तुझं काही राहिलंय का."

खारने उभ्यानेच सगळं खाली सरकवत वाचलं. टोपी नव्हती. बावीस नव्हते. आजीचा फोन नव्हता. ती शेवटच्या पानावर आली.

"माझं काही नाहीये," ती म्हणाली. "पण ही मैत्रीण एवढ्यात कशी येऊन बसते?"

"सुट्टी संपतेय ना," मावशी म्हणाली. "शेवटचा दिवस आहे. उद्या ती गावाला जाणार."

"मग जाऊ दे गावाला." खारने लॅपटॉप परत वळवला. "तिला राग आलाय. ती बसत नाही."

चार वाजून बावन्न मिनिटं झाली होती. मावशी काहीतरी म्हणणार होती, तिच्या पुस्तकांत शेवटच्या पानावर कुणी एकटं राहत नाही, वाचणाऱ्या मुली त्यासाठीच तर पैसे साठवून घेतात. ती खारकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "खोड."

"कुठून?"

"'परत येऊन'पासून."

मी अकरा ओळी खोडल्या. उरलं ते असं की नायिका पायरीवर बसलीय आणि मैत्रीण टॉवेल उचलून फाटकाकडे चाललीय. फाइल गेली तेव्हा पाचला तीन मिनिटं कमी होती.

खारने कच्च्या प्रतीतली तिची पानं काढून घेतली, एकूण चौतीस निघाली, आणि पिशवीत घातली. "ही माझी," म्हणाली. मावशीला "येते" म्हटलं. किल्ल्यांपैकी एकवीस नंबर आला नाहीये, तो निळ्या चड्डीवाल्या मुलाकडे आहे, हेही सांगितलं.

ती फाटकापर्यंत पोचली तेव्हा मी उठलेच होते, हाक मारायला तोंडही उघडलं होतं. मावशीने माझा दंड धरला.

"आज नको," ती म्हणाली. "जा, एकवीस नंबर शोध."